पडद्यापलीकडची परीक्षार्थी

भिंगरी कधी एका जागी स्वस्थ बसायची नाही, म्हणून तर मावशीने तिला ते नाव ठेवलं होतं. पण यंदा टायफॉईडने तिला अशी आडवी पाडली, की हातात पुस्तक धरायचंही त्राण उरलं नाही. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर उद्यावर आलेला. तो बुडाला तर वर्ष वाया, आणि ठरलेली नोकरीही हातची जाणार. मावशीने शिलाईचं मशीन झाकलं, भाचीला शालीत गुंडाळलं आणि पेपर पुढे ढकलण्याचा अर्ज घेऊन दोघी विद्यापीठात गेल्या.

तिथली रीत मोठी मजेशीर. डॉक्टरचं सर्टिफिकेट असलं तरी आजाऱ्याने परीक्षा विभागामागच्या खोलीत तासभर पडून राहायचं आणि नर्सने दोनदा ताप मोजायचा. सोंग घेऊन येणाऱ्यांना घाम फुटावा, म्हणून ही युक्ती. मावशीला बाहेर बाकावर बसवलं.

खोलीत फिनेलचा वास कोंडला होता. दोन खाटा, मध्ये पडदा. खिडकीसमोरच भिंत, त्यामुळे भर दुपारीही आत अंधुक. एकदा ताप मोजून नर्स निघून गेली. मग पलीकडची खाट हळूच कुरकुरली.

"पेपर पुढे ढकलायचाय?" कुणीतरी बारीक आवाजात विचारलं.

"हो ना. तुझाही?"

"माझा ढकलला... मग परत बोलावलंच नाही कुणी."

भिंगरीला हसू आलं. या विभागाचा कारभार काय सांगावा!

"माझा अभ्यास झालाय. सगळा. तुझा पेपर मी देऊ?"

"दे बाई! तेवढीच माझी सुटका."

"नक्की?... मागाहून फिरायचं नाही हं."

"नाही फिरणार," भिंगरी डोळे मिटून म्हणाली.

तासाभराने नर्सने पुन्हा ताप मोजला, सही केली. पेपर पुढच्या महिन्यात! भिंगरीचा जीव भांड्यात पडला. निघताना "येते गं," म्हणत तिने पडदा सरकवला. खाटेवर साधी गादीसुद्धा नव्हती.

"तापात होतात असे भास," नर्स म्हणाली. भिंगरीला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ती निवांत झोपली. दुपारी जाग आली तेव्हा अंग हलकं झालं होतं, पायांवर ऊन आलं होतं, बाहेरच्या खोलीत मशीन चालू होतं. कितीतरी दिवसांनी तिला सुखाचं वाटलं. तेवढ्यात वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला.

"काय गं, आजारी होतीस ना? मग मान खाली घालून सगळ्यांच्या आधी पेपर लिहून मोकळी कशी झालीस? हाक मारली तर म्हणालीस, घरी जाते, मावशी वाट बघतेय."

"मी?... अगं, मी तर..."

बाहेर मशीन थांबलं. दाराची कडी निघाली.

"आलीस?" मावशीचा आवाज आनंदाने भरून आला होता. "कसा गेला पेपर?"

"मस्त!"

तो आवाज भिंगरीचा होता, अगदी ठणठणीत. अंथरुणातल्या भिंगरीने पांघरूण बाजूला सारलं. उठायला गेली तर पाय हलेनात.

"मावशी... मी इथंय..." तिने जीव खाऊन हाक मारली. ती अगदी बारीक उमटली.

"आत कुणी बोललं का गं?" बाहेरून त्याच ठणठणीत आवाजात प्रश्न आला.

"आत कोण असणार, आपण दोघीच तर आहोत घरात," मावशी म्हणाली. "हात धू, जेवायला वाढते."