तापलेल्या बॉनेटपाशी

दिवा राहू दे रे लागलेला. आपले विज्ञानाचे आहेर सर पदरचं घालून सांगणारे नाहीत, एवढं आधी लक्षात घ्या.

गेल्या पौष अमावस्येची रात्र, साडेआठचा सुमार. सर आणि त्यांच्या पत्नी ललिताबाई निफाडला भाचीच्या लग्नाची पत्रिका देऊन नाशिककडे निघाले होते. सरांची ती जुनी फियाट. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडून इंजिन तापलं, म्हणून सरांनी द्राक्षबागांमधला आडरस्ता धरला. तिथे बाईंना दम्याची उबळ आली. औषधाचा पंप घरी राहिलेला. निदान धूर तरी नको, म्हणून सरांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

तिथंच चुकलं. उबळ वाढली. दवाखाना गाठायचा, तर गाडी सुरू होईना.

"बंद केल्यावर आतली उष्णता आणखी चढते गं," बॉनेट उघडत सर म्हणाले. "पंखा थांबतो, पाणी फिरत नाही, पेट्रोलची वाफ होते..."

"तास... संपला की... सांगा, सर," बाई धापा टाकत म्हणाल्या.

फोन केला. ॲम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. सर वर्तमानपत्रानं इंजिनला वारा घालत राहिले. बंद केलंच नसतं तर? की धुरानं आणखी बिघडलं असतं? काहीच ठरेना.

"शेकू का जरा, दादा? लय गारठलेय."

बॉनेटपलीकडे कुणी अनोळखी बाई उभी. अंगावर विरलेलं लुगडं. सरांनी नुसती मान हलवली.

तिनं दोन्ही तळवे थेट इंजिनवर टेकवले.

चटका नाही. वास नाही. तापलेलं लोखंड टिकटिकत होतं, ते गप्प झालं. सरांनी बोट लावलं... बर्फ.

"संपली ऊब," ती म्हणाली. आणि खिडकीकडे वळली.

काच खालीच होती. हवेसाठी.

सर वर्तमानपत्र टाकून खिडकीकडे धावले.

ते पोचायच्या आत ललिताबाईंनी आपणहून हात बाहेर काढला. "ये... बाई. धर."

तिनं धरला.

...

मग रस्ता रिकामा.

गाडी सुरू झाली. पहाटेच्या गार गाडीला ओढावा लागतो, तसा चोक ओढावा लागला.

दवाखाना वेळेत गाठला, ललिताबाई वाचल्या. सर अजून रोज रात्री तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसतात. खोटं वाटत असेल, तर वैशाखात जाऊन बघा. बाई त्या हातानं पाण्याचा पेला उचलतात. साधं नळाचं पाणी. आणि बोटांभोवती पेल्यावर दव धरतं.