मनगटापर्यंत बाह्या

तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुकानात शिरला, साड्या बघायला वाकला आणि त्याच्या वरच्या खिशातून कांदा पडला.

नागपूरच्या उन्हात लू लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवूनच माणसं बाहेर पडतात, त्यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की कांदा काउंटरभर हिंडला आणि नेमका माझ्या हातापाशी येऊन थांबला. मी तो उचलला. तो माणूस इतका लाजला, की मलाच हसू आवरेना.

"आम्ही साड्या विकतो," मी म्हटलं. "कांदे नाही घेत."

"असू द्या जी... तुमच्यापाशीच ठेवा. बाहेर लई ऊन आहे."

"आणि तुम्ही?"

"मी थोडा वेळ आतच थांबतो."

धरमपेठेत हातमागाच्या साड्यांचं एक सहकारी दुकान होतं. तिथे मी काउंटरवर उभी राहायची. माझं नाव प्रेमलता. आईवडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, त्यांना काय माहीत पुढचं. दुकानात माझा एक प्रश्न प्रसिद्ध होता. बाई आली की रंग, काठ, भाव असलं काही न विचारता मी विचारायची, "आज मन कसं आहे?" मन जड असेल तर अंगावर हलकं हवं — धुऊन धुऊन मऊ झाल्यासारखं सूत. कुणाशी भांडायला जायचं असेल तर खळ दिलेली, कडक. आनंदात असाल तर काहीही नेसा, फक्त टोचणारं नको. आनंदाला टोचलेलं सहन होत नाही. आमच्या प्रमुख शोभाताई म्हणायच्या, "ही पोरगी साड्या विकते की पत्रिका बघते?" पण बायका माझ्याचकडे यायच्या.

त्यालाही मी तेच विचारलं. "साडी कुणासाठी? त्यांचं मन कसं आहे?"

"मायसाठी. तिले काई चालत नाई. टोचते म्हनते, खरखर लागते म्हनते..." तो थांबला. "मन कसं आहे ते... बाबा गेल्यापासून कोनी इचारलंच नाई तिले."

मी निळसर, बारीक चौकटींची साडी काढली. त्यानं ती आधी हातावर घेतली, मग गालाला लावून पाहिली. दुकानात पुरुष साडीचा पोत असा कधी बघत नाहीत. त्या क्षणी मला तो आवडला. नाव पुढच्या खेपेला कळलं — केशव. काटोलला संत्र्याचा बगीचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री उतरली की तो माल घेऊन नागपूरला यायचा आणि परतीच्या बसपर्यंत मोकळा असायचा.

त्या दिवशी अंगात मात्र टेरिकॉटचा शर्ट. तेव्हा सगळ्यांना त्या न चुरगळणाऱ्या, पण वारा न लागू देणाऱ्या कापडाचं वेड होतं. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, पाठ घामानं चिकटलेली.

"एक सांगू? हा शर्ट काढा," मी म्हटलं, आणि जीभ चावली. "म्हणजे... घरी जाऊन."

"नागपूरले यायचं म्हंजे चार लोकांत चांगलं दिसलं पाह्यजे ना."

"लोकांना चांगलं दिसावं म्हणून आपण उकडून मरायचं?"

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मंग तुम्ही काहून उकडून राहिल्या?"

माझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. होळी झाली होती, भिंती तापल्या होत्या आणि मी मनगटाला बटण लावून उभी होते.

"फॅशन आहे," मी म्हटलं.

फॅशन कसली. कॉलेजात असताना माझ्या उजव्या कोपराला कोड फुटलं. आधी मसुराएवढा डाग, मग वाढत दंडापर्यंत. दुखत नव्हता, खाजत नव्हता. पण आईनं तो पाहिला त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझी सगळी पोलकी मोडीत काढली आणि मनगटापर्यंत बाह्यांची नवी शिवली. तेव्हापासून मी नागपूरचे उन्हाळे त्यांत काढले. गंमत म्हणजे लोकांना खरंच ती फॅशन वाटायची. धरमपेठेतल्या एका कॉलेजकन्येनं माझं बघून तसंच पोलकं शिवलं आणि घामोळ्यांनी आठवडाभर घरी बसली. मी हसले खूप. घरी येऊन रडलेही.

दुसऱ्यांना सुखाचे कपडे निवडून देणारी मी, आणि माझ्या अंगावर काय घालायचं हे तो डाग ठरवायचा.

पुढच्या खेपेला केशव आला तो मांजरपाटाचा सैल सदरा घालून. गळा उघडा, बाह्या दुमडलेल्या.

"आता सांगा... माहं मन कसं आहे?"

"उकडत नाहीये, एवढं कळतंय."

"अजून पाहा."

मी पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, कारण शोभाताई मागून खाकरल्या.

असे तो येत राहिला. मायसाठी घेतलेली साडी ती रोज नेसते, धुवायला काढायलाही तयार नाही, हे सांगायला आला. बहिणींसाठी दोन साड्या घ्यायला आला आणि एकच घेऊन गेला, म्हणजे दुसरीसाठी पुन्हा येता येईल. जाताना दर वेळी कांदा माझ्याकडून मागून घ्यायचा आणि येताना माझ्या हातात द्यायचा. मग एप्रिल सरला.

"बहार तर संपला ना?" मी विचारलं. "बगीच्यात आता एक संत्रं नाही. मग बसनं काय घेऊन येता?"

"कांदा," तो म्हणाला.

मे महिन्यातली एक दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दाराशी वाळ्याचा पडदा भिजवून सोडलेला, त्यातून येणारा वारा तेवढा सुखाचा. शोभाताई आत डबा खायला बसल्या होत्या. केशव काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. त्याचे उघडे, उन्हानं रापलेले हात बघून मला एकाएकी फार हेवा वाटला.

"एक इचारू?" तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यायले मन इचारता. तुमचं मन कसं आहे?"

मला कधी कुणी विचारलं नव्हतं. लपवून लपवून किती लपवणार? आज ना उद्या कळणारच, आणि कळल्यावर जाणारच असेल तर आजच जाऊ दे, फार जीव जडायच्या आत... असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर जीव केव्हाच जडला होता.

मी मनगटाचं बटण काढलं. बाही वर सारली, कोपराच्या वरपर्यंत. हात त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिले. त्याचा चेहरा बघायची हिंमत नव्हती.

मग हातावर गार काहीतरी लागलं... त्यानं फुंकर घातली होती.

"केवढ्या घामोळ्या आल्या वं तुह्या हातावर," तो म्हणाला. "लाल लाल झाला सगळा हात. आग होत असन ना?"

मी वळून पाहिलं. तो डाग सोडून घामोळ्या बघत होता. डाग त्याला दिसला नव्हता असं नाही. पण आधी घामोळ्या दिसल्या. तुम्हीवरून तूवर केव्हा आला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"केशवराव, हे कोड आहे."

"दिसून राहिलं मले."

"वाढतंही."

"वाढू दे. मले हात पाह्यजे तुहा... कसाबी असो." कानापर्यंत लाल झाला, पण थांबला नाही. "मायले घेऊन येतो. तवा ह्या बाह्या नोको घालू. कापून टाक. मायपासून लपवून मले काई नाई करायचं."

त्या संध्याकाळी मी कात्री घेतली आणि सगळ्या पोलक्यांच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या. आई हात धरायला आली, मी ऐकलं नाही. "आई, आज माझं मन विचार ना," मी म्हटलं. तिनं नाही विचारलं. नुसती खाली बसून बाह्यांचे तुकडे गोळा करत राहिली.

केशवची माय, बायजाबाई, आमच्या घरी आली ती तीच निळसर चौकटींची साडी नेसून. लहानखुरी, शांत बाई. मी उघड्या हातानं तिला पन्हं दिलं. ग्लास घेताना तिची नजर कोपरावर गेली आणि तिथेच राहिली. आई मेल्याहून मेल्यासारखी दाराआड उभी. केशव एकदा मायकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

बायजाबाईंनी पन्हं पूर्ण प्यायलं. चांगलं झालं म्हणाल्या. मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "तू देल्ली ते साडी वं बाई... अंगाले लागतच नाई. असं सुख कोनी देल्लं नाई मले," म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं... मिळालं.

मग त्यांनी माझा पदर धरला, खांद्यावरून ओढून माझ्या कोपरावर घातला आणि नीट खोचून दिला.

"झाकून ठेव वं माय," त्या म्हणाल्या. "माह्या दोन पोरी अजून लग्नाच्या हायेत."

इतक्या मायेनं मला आजवर कुणी नाकारलं नव्हतं. रागावताही येईना. काटोलमध्ये वहिनीचा हात लोकांनी पाहिला की त्या दोन मुलींचं दार कुणी वाजवणार नाही, हे बायजाबाईंना माहीत होतं, मलाही. माझ्याच मावशीनं माझ्यामुळे आमच्याकडे येणं सोडलं होतं. केशव मान खाली घालून बसला. जाताना चपला घालायला त्याला फार वेळ लागला.

त्यानंतर तो बरेच दिवस आला नाही. मी रोज उघड्या हातांनी दुकानात उभी राहायची. बायका बघायच्या, नजर वळवायच्या. एक जुनी गिऱ्हाईक बाई माझ्या हातून साडी न घेता शोभाताईंकडे गेली. शोभाताईंनी तिला माझ्याकडेच परत पाठवलं, ती तशीच निघून गेली. मला त्याचं काही वाटेना. मी दार बघत होते.

मृग लागायच्या आधीच्या त्या भाजून काढणाऱ्या दिवसांत एका दुपारी वाळ्याचा पडदा हलला. केशव होता.

अंगात टेरिकॉटचा शर्ट. गळ्यापर्यंत बटणं.

मला तिथेच कळलं. तरी मी म्हटलं, "बसा. फार उकडतंय ना?"

"हो."

"कांदा कुठंय? द्या इकडे."

तो खिशाकडे हात नेऊन थांबला. "नाई आणला. इथंच इतवारीत जाऊन राहिलो... पोरगी पाह्याले. खिशात कांदा घेऊन कसा जाऊ?"

आम्ही दोघंही काउंटरकडे बघत राहिलो. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"माय जेवत नाई," तो म्हणाला. "पोरी रडून राहिल्या. पन तू म्हन... तू म्हनशीन तं नाई जात मी. आत्ता इथून वापस जातो."

माझ्या ओठांवर आलं होतं — नका जाऊ. दोनच शब्द. पण मी त्याच्या गळ्याच्या बटणाकडे बघितलं. मला विचारायला आला असता तर तो सदरा घालून आला असता. हा शर्ट त्यानं सकाळी काटोलला घातला होता, म्हणजे ठरवूनच निघाला होता. 'जा' म्हणायचं काम तेवढं माझ्या गळ्यात घालायला आला होता. मला त्याचा भयंकर राग आला. आणि तो इतका घामाघूम झाला होता, की कीवही आली.

"मी कशाला म्हणू?" मी म्हटलं. "इतवारीची बस चुकेल तुमची."

"बस नोको. चालतच जातो."

"एवढ्या उन्हात?"

"प्रेमलता..." तो पहिल्यांदा माझं नाव घेत होता.

मी आत गेले. माझ्या डब्यात भाकरीबरोबर आणलेला कांदा होता, तो घेऊन आले. काउंटरला वळसा घालून त्याच्यापाशी उभी राहिले, इतकी जवळ पहिल्यांदाच. त्याच्या गळ्याचं वरचं बटण काढलं. त्यानं श्वास घेतला. किती वेळ अडकून होता कोण जाणे.

"कांदा पँटच्या खिशात ठेवा," मी म्हटलं. "दिसणार नाही. आणि बटण तिथं पोचल्यावर लावा, आत्तापासून नको."

त्यानं कांदा घेतला. घेताना त्याची बोटं माझ्या कोपराला लागली, डागावरच, आणि थोडा वेळ तिथेच थांबली. मग दुपट्टा गुंडाळून तो बाहेर पडला. मी पडदा बाजूला करून पाहिलं नाही.

घरी आले तेव्हा आईनं कापलेल्या बाह्यांचे तुकडे काढून ठेवले होते. सुईदोराही. "लावून देते परत," ती म्हणाली. "शिवण दिसणार नाही."

"राहू दे आई," मी म्हटलं. "आता कुणापासून लपवायचंय?"

अजूनही मी त्याच काउंटरवर उभी असते. कोपरं उघडी, बटण नाही, घामोळ्या नाहीत. वाळ्याच्या पडद्यातून वारा येतो आणि हाताला गार लागतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तडफडले ते सुख मिळालं आहे, आणि ते मिळालं याचाच मला रोज राग येतो. बायका येतात, मी साड्या काढून दाखवते. रंग विचारते, काठ विचारते, भाव सांगते.

मन कसं आहे, हे मात्र आता कुणाला विचारत नाही.