चौलच्या चॅनेलांचा आवाज

केबलच्या ऑफिसात मी भांडायलाच गेले होते. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलेलं, दचकू देऊ नका. आणि इथे कीर्तन ऐकू येईना म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या चॅनेलवर बातम्यावाला अंगावरच यायचा. दादा छाती धरायचे. टीव्ही बंद ठेवला की जेवायचे नाहीत.

खुर्चीवर नवाच कुणी होता. प्रज्योत, थळचा. डोळे असे हसरे... छे, मी भांडायला गेले होते ना!

"आवाज वरूनच, चॅनेलवाल्यांकडूनच तसा येतो," तो म्हणाला.

"मग इथे खाली तुम्ही कशाला बसलात?"

तो हसला आणि कबूल झाला की प्रत्येक चॅनेलची सेटिंग इथे करता येते, कुणी कधी केली नव्हती इतकंच. मग रोज दुपारी दादा आडवे झाले की मी टीव्हीसमोर, तो यंत्रांपाशी, मध्ये फोन. आधी त्याने घोळच घातला. गाणी चालू असताना आवाज जुळवला आणि मालिकेतली माणसं कुजबुजायला लागली! गाणं नको, बोलणं धर, मी म्हटलं. मग पडद्यावर कुणी बोलेपर्यंत थांबायचं, आणि तोवर आम्हीच बोलायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

सगळी चॅनेलं जुळली. दादा बिनधास्त रिमोट दाबू लागले. मला मात्र रडूच आलं — आता फोन कशासाठी करायचा?

दुसऱ्याच दिवशी दादा बाहेर ओटीवर असताना मी उगाच चॅनेलं फिरवत बसले, तर शेअर बाजाराचं चॅनेल किंचाळलं. मी तडक स्कूटी काढली.

"तूच वाढवलास ना?"

त्याने मान खाली घातली. "ते दादा कधी लावत नाहीत ना, तुलाच सापडेल वाटलं... तुझा फोन आला नाही की दुपार जात नाही गं, प्राप्ती."

असा राग आला! दादांचं बोट चुकून पडलं असतं तर? आणि त्या रागातच लख्ख कळलं, मला हाच हवा.

"आधी आवाज कमी कर," मी म्हणाले. त्याने केला. "आता ऐक. तू मला आवडतोस. पण असलं पुन्हा चालायचं नाही. चल घरी, दादांना आजच सांगायचंय."

"दचकतील गं ते..."

"मी सांगेन नीट."

दादा ओटीवर होते. त्यांच्याजवळ बसून मी सांगितलं, हा प्रज्योत, मला याच्याशी लग्न करायचंय. दादांचा हात छातीकडे गेला.

त्यांनी सदऱ्याची उघडी बटणं लावली.

"जावई आणायचा तर आधी सांगावं ना गं," म्हणाले.