डावा कार्बोरेटर

फाल्गुनातल्या एका रविवारी अनुपम सकाळीच पळसदरीला निघाला, तो इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे दोन कार्बोरेटर आणायला. काम साधंच होतं. अप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची जुनी फियाट कर्जतच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये अजून उभी होती. धुतलेली, पुसलेली, चालती. पण घाट म्हटला की तिला धाप लागायची. अप्पांनी मात्र हट्ट धरला होता, "मला एकदा हिच्यातनं बोरघाट चढव रे. मग काय व्हायचं ते होऊ दे." अप्पांचा दमा जुना, आणि यंदा तो फारच बळावला होता. त्यामुळे त्या 'मग'बद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

अनुपम साजगावच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र मनोज, त्याचं खालापूरला गॅरेज. दोघांनी कितीतरी दिवस खल केला होता. एकच मोठा कार्बोरेटर बसवावा, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर पळेल, पण बाजारातून हळू नेताना गुदमरेल. बाहेरून नवी जोडी मागवावी, तर ती यायला पावसाळा उजाडेल.

"चार सिलिंडर आणि नाक एकच, मग दम लागनारच," मनोज म्हणायचा. "दोन नाकपुड्या दे तिला. जोडीच बसव."

तेव्हा कुणीतरी पळसदरीच्या बंगल्याचं नाव काढलं. तिथले साहेब एके काळी शर्यतीत गाडी पळवायचे. साहेब वारले, गाडी भंगारात गेली, पण इंजिनावरची जोडी काढून ठेवली होती. बंगला राखणाऱ्या ठकूबाईंशी अनुपमचं फोनवर बोलणं झालं होतं. तो पोचला तेव्हा त्या ओट्यावर जोडी घेऊनच बसल्या होत्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधलेली.

"बाई मुंबईला असतात," त्या म्हणाल्या. "त्या म्हनाल्या, कुनी न्याया आला तं देऊन टाक. न्या तुमी."

गाठोडं त्याच्या हातात दिल्यावर त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, आणि तो फाटकाबाहेर जाईपर्यंत तशाच पुसत राहिल्या.

पुढचे दोन-तीन रविवार त्यातच गेले. जोडी सुटी करून पेट्रोलमध्ये धुतली, जेट बदलले, नवी गॅस्केटं कापली. इंजिनाला जोडायचा नळकांड्यांचा भाग मनोजनं घासून बेतला. सगळं चोख बसलं. फक्त डाव्या कार्बोरेटरच्या घशातून एक वास जाईना. पेट्रोलचा नव्हे. खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत फार दिवस माणूस आजारी असलं की येतो, तसा.

गाडी पहिल्यांदा सुरू केली त्या दुपारी पलीकडच्या शेतांत पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. धूर आळीवर उतरला होता. अप्पा त्या धुरानं सकाळपासून बेजार होते, तरी मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. अनुपमची बायको उमा त्यांची पाठ चोळत होती.

किल्ली फिरवली. इंजिन एकदा शिंकलं आणि लागलं. असा गोड, भरदार आवाज त्या शेडनं कधी ऐकला नव्हता. अप्पांनी खुर्चीतूनच हात वर केला.

आता जोडी जुळवायची. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे जुने मेकॅनिक कानानं पाहतात. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. अनुपमनं आधी उजव्याला नळी लावली. सूंऽऽ... एकसारखा, न तुटणारा आवाज. मग डाव्याला लावली.

तिथंही तोच आवाज. पण तो मधेच थांबत होता. थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

"हवा चोरत असंल कुठून," मनोज म्हणाला. त्यानं नट आवळले, स्क्रू थोडा आत फिरवला. अनुपमनं पुन्हा कान दिला. आता त्या आवाजाच्या तळाशी बारीक घरघर होती. ओलसर, चिकट. ती त्याच्या ओळखीची होती. भिंतीपलीकडून कित्येक रात्री त्यानं ती ऐकली होती.

नळी कानाशी तशीच धरून त्यानं मान वर केली. दारात अप्पांची छाती वर गेली, तेव्हा नळीत हवा ओढली गेली. अप्पांची छाती थांबली, नळीही थांबली.

"मनोज... तो स्क्रू बाहेर घे. हळू..."

मनोजनं स्क्रू उलटा फिरवला. अप्पांनी लांब, मोकळा श्वास घेतला. "बरं वाटलं गं जरा," ते उमाला म्हणाले.

मनोजनं नळी अनुपमच्या हातातून घेतली, कानाला लावली. अप्पांकडे पाहिलं. "बंद कर रं हे," तो कुजबुजला, आणि स्वतःच आत वाकून त्यानं किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. शेडमध्ये एकदम शांतता पसरली. त्या शांततेत उमाची किंकाळी आली.

अप्पांचं तोंड उघडं होतं, डोळे वटारलेले, आणि आत काहीच जात नव्हतं. ओठ निळे पडत चालले. अनुपमनं मनोजला ढकलून किल्ली मारली. इंजिन लागलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा. मग ते लागलं, आणि खुर्चीतल्या अप्पांनी बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा श्वास घेतला.

खरं-खोटं करायला त्यांनी पुन्हा किल्लीला हात लावला नाही.

उमानं ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी घोंघावत होती. काय सुचलं कुणास ठाऊक, अनुपमनं पळसदरीला फोन लावला.

"ठकूबाई, तुमचे साहेब... कशानं गेले?"

"पेट्रोल संपला," ठकूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गाडी चालू ठेवून बसलं व्हतं शेडात. मला नि बाईंना म्हनालं, बंद करू नका. आमी नाय केली. पेट्रोल संपला." "दादा, तुमी पेट्रोल घाला..."

अनुपमनं काट्याकडे पाहिलं. मनोज कॅन घेऊन मोटारसायकलवर बसलासुद्धा होता. तो परत येईपर्यंत अनुपम तापलेल्या इंजिनावर ओली पोती टाकत होता, हात भाजत होते, आणि तोंडानं त्याचं चाललं होतं, "चाल गं बाई, चाल..." मनोज आला. टाकी गळ्यापर्यंत भरली. ॲम्ब्युलन्स आली. अप्पांना आत घेतलं, उमा सोबत चढली. अनुपमला गाडीपाशी थांबणं भाग होतं. वडिलांना घेऊन निघालेली ॲम्ब्युलन्स त्यानं पाठमोरी पाहिली आणि नळी कानाला लावली.

घरघर... थांबणं... घरघर. वाटेवर कुठंतरी असतील. रेल्वेचं फाटक ओलांडलं असेल. थांबणं... घरघर.

आणि मग भरल्या टाकीनिशी, कुणी हात न लावता, इंजिन बंद पडलं.

त्यानं किल्ली मारली, मनोजनं धक्का दिला, काही काही उपयोग झाला नाही. अनुपम तिथंच जमिनीवर बसला. खिशात फोन वाजायला लागला तेव्हा तो उचलण्याचं त्याला धैर्य होईना. शेवटी मनोजनं उचलून त्याच्या कानाला लावला.

"अनुपम," उमा रडत होती, हसतही होती. "अरे, अप्पा उठून बसलेत! मास्क काढून टाकलाय त्यांनी. म्हणतायत, घरी चला!"

दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं. छातीत घरघर औषधालाही नव्हती. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि खांदे उडवले. इकडे मनोजनं जोडी उतरवून ठेवली. डाव्याच्या घशात नाक घालून त्यानं वास घेतला. काहीच येत नव्हतं. "आता नुसता धातू हाय," तो म्हणाला. सुटल्यासारखं वाटावं असंच ते वाक्य होतं. पण म्हणताना मनोजनं अनुपमकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अप्पा घरी आले. कुठं न टेकता जिना चढले, पोटभर जेवले आणि लगेच झोपले. वर्षानुवर्षं उशांना टेकून झोपणारा माणूस पाठ टेकून उताणा झोपला होता. खोकला नाही, कण्हणं नाही. उमाच्या डोळ्यांना पाणी आलं.

तेवढ्यात वीज गेली. उमानं मेणबत्ती लावून अप्पांच्या उशाशी स्टुलावर ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. अनुपम खुर्चीत बसून राहिला.

ज्योत अप्पांच्या बाजूला कलली होती. त्यानं उठून खिडकी लावली. दार लोटलं. ज्योत सरळ झाली नाही. तशीच, एका बाजूला ताणून धरल्यासारखी.

तो जवळ गेला. अप्पांची छाती हलत नव्हती. वर नाही, खाली नाही. गाल मात्र गरम होता, नाडी चालू होती. आणि किंचित उघड्या ओठांतून बारीक, एकसारखा, न तुटणारा आवाज येत होता. सूंऽऽ...

"झोपलेत ना?" आतून उमानं विचारलं.

"हो," अनुपम म्हणाला.

ज्योत आणखी आडवी झाली आणि विझली. वातीवरून धुराची पांढरी रेघ निघाली, सरळ अप्पांच्या ओठांपर्यंत गेली आणि आत शिरली. खिडकीच्या तावदानातून येणाऱ्या अंधूक उजेडात अनुपम ती बाहेर येण्याची वाट पाहत उभा राहिला.

वात थंड झाली. धूर संपला. बाहेर काहीच आलं नाही.