सतरा मिनिटं पुढे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात अठरा वर्षं काढल्यावर घड्याळ चुकणं ही माझ्या लेखी तक्रारच उरली नव्हती. मदरबोर्डवर शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. तो बदला, वेळ लावा, घरी जा.

ताईच्या एक्स-रे केंद्रात मात्र मी त्याच कामासाठी तिसऱ्यांदा आलो होतो. दुसरा मजला, खिडकीलगत लोखंडी टेबल आणि त्यावर तो कॉम्प्युटर. सेल उतरला की घड्याळ मागे पडतं. हे पुढे जात होतं, आणि दर वेळी नेमकं सतरा मिनिटं.

"हसण्यावारी नेऊ नकोस," ताई म्हणाली. "परवा अपघातातला एक पेशंट इथून नेताना वाटेतच गेला. त्याच्या फिल्मवर तो गेल्यानंतरची वेळ पडलीय. घरचे विचारतात, मेलेल्या माणसाचा एक्स-रे काढलात का? काय सांगू त्यांना?"

मी हसत नव्हतो. नवा सेल बसवला, इंटरनेटवरून वेळ घेतली. मिनिटभर सगळं ठीक. मग मी बघत असतानाच आकडे सरकले.

कॉम्प्युटर उचलून शेजारच्या खोलीत नेऊन लावला. तिथे वेळ अचूक. रिकाम्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला. सतरा मिनिटं पुढे.

"म्हणजे कॉम्प्युटर धडधाकट आहे," मी म्हणालो.

"मग बिघडलंय काय?"

काहीतरी करायचं म्हणून खिशातला मोबाइल टेबलावर ठेवला. अकरा चाळीस झाले होते. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि उजळली. अकरा सत्तावन्न. खाली लिहिलं होतं: अकरा मिस्ड कॉल.

सगळे ताईचे. पहिला अकरा एक्कावन्नला, शेवटचा अकरा छप्पनला.

ताईने ॲप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढून पाहिला. तिने कुणालाच फोन लावला नव्हता.

"मी कशाला तुला अकरा फोन करीन?" तिने तो फोन माझ्यापुढे धरला. "समोर तर बसलायस."

"खाली जाऊ या. दोघंही."

मी मोबाइल उचलून खिशात टाकला. ताईने एक्स-रेचं मशीन बंद करेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. जिना उतरताना तिने माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच घट्ट. बाहेर लख्ख ऊन होतं, माणसांची ये-जा होती. समोरच्या औषधाच्या दुकानातलं घड्याळ अकरा पन्नास दाखवत होतं. मला जरा हायसं वाटलं.

"ताई, आता सोड. हाताला मुंग्या आल्या."

ती ओशाळून हसली आणि तिने मनगट सोडलं.

मग तिने शेजारी पाहिलं, मागे पाहिलं. "अरे, कुठे गेलास?"

"हा काय, इथेच आहे."

तिची नजर माझ्यावरून भिंतीवरून फिरावी तशी फिरली. तिने फोन लावला. माझ्या खिशात काहीच वाजलं नाही.

पुन्हा लावला.

मी तिचे दोन्ही खांदे धरले, ओरडलो. तिने माशी बसल्यासारखा एक खांदा झटकला. येणारे-जाणारे मला न चुकवता येत होते, आणि कुणाचाच धक्का मला लागत नव्हता.

सात. आठ. ती रडवेली झाली होती.

अकरा.

बाराव्यांदा फोन लावताना तिची नजर वर गेली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, टेबलाशी, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. शर्ट माझ्यासारखाच होता.

ताईचा चेहरा सैल झाला.

"वरच बसलायस होय!" ती फोनवर म्हणाली. "जीव टांगणीला लावलास माझा. ये बाबा खाली."

मी तिच्या अगदी जवळ उभा होतो. पलीकडचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं.

"आलोच, ताई," माझाच आवाज म्हणाला. "लागलं एकदाचं घड्याळ."