सगळे म्हणाले, तुझी मर्जी

"थांबा! तिथंच थांबा. एक पाऊल पण पुढं न्हाई!"

माझा एक पाय चिखलात, एक बांधावर. भेंडीच्या उंच झाडांमधून एक तरुण दोन्ही हात पसरून धावत येत होता. जणू मी म्हैस होते आणि पिकात शिरत होते.

"मी कंपनीकडून आलेय," मी म्हणाले. "तपासणीला."

"ते दिसून राह्यलं. पण ओढणी बघा जरा तुमची."

ओढणीवर पिवळी भुकटी लागली होती. आत्ताच मागच्या शेतातली भेंडी बघून मी आले होते. तिथल्या फुलांचे पराग... मी जीभ चावली. वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन जालन्याच्या बियाणे कंपनीत लागलेली मुलगी, आणि संकरित बियाण्याच्या शेतात परके पराग घेऊन शिरत होती!

"झटका. तिकडं तोंड करा, वारा तिकडं चाललाय."

मी झटकली. "आता?"

"आता केसांत हाय थोडं... डाव्या कानापाशी."

त्याने हात लावला नाही. स्वतःच्या कानामागे बोट नेऊन दाखवलं. मी चाचपडत राहिले. मला काही ते सापडेना.

"ओ अंगद दादा," झाडांमागून एक बाई ओरडली, "काढून द्या की तुम्हीच! फुलातले केसर तर लई नाजूक काढता!"

फुलं झाकायला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. ओरडणारी होती बेबीनंदा मावशी, त्या टोळीची मुकादम. अंगदचे कान लाल झाले. मग मी पण हसले. केदारखेड्यातली आमची ओळख ही अशी.

नंतर मी त्या शेतावर जरा जास्तच तपासण्या केल्या. कंपनीत कुणाच्या लक्षात आलं नाही. बेबीनंदा मावशीच्या पहिल्याच दिवशी आलं. "मॅडम, आमच्याच भेंडीत इतकी काय भेसळ हाय वो?" ती विचारायची, आणि अंगद दुसरीकडे बघत पाण्याची मोटार चालू करायला जायचा. मोटार आधीच चालू असायची.

अंगदने कृषीची पदवी घेतली होती आणि वडिलांची शेती बघत होता. संध्याकाळी उद्या फुलणारी कळी निवडायची, तिच्यातले केसर काढायचे, तिला लाल कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून हवा तो पराग लावायचा. हे काम तो असं करायचा, की बघणाऱ्याचा श्वास हळू व्हायचा.

एकदा पावसाची सर आली. आम्ही शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या छपराखाली उभे राहिलो. पत्र्यावर थेंब ताडताड वाजत होते, त्यामुळे बोलताना जवळ यावं लागत होतं. पावसाची ही एक चांगली सोय.

"फुलाला कधी विचारलंस का," मी म्हणाले, "की बाई, तुला कुणाचा पराग हवा?"

"फुलाला कुठं मर्जी असती, प्रियदर्शनी?" घरीदारी सगळे मला प्रिया म्हणत. माझं पूर्ण नाव तो एकटाच घ्यायचा, एकही अक्षर न गाळता. "मर्जी माणसाला असती. म्हणून माणसाला असं झाकायचं न्हाई. मोकळं सोडायचं."

"आणि मोकळं सोडलेलं माणूस निघून गेलं तर?"

"तर... तर मंग गेलं." तो पावसाकडे बघत म्हणाला. "पण राह्यलं तर बराबर राहतं."

मी प्रेमात पडले ती या वाक्यावर. खोटं कशाला सांगू, आधीच पडले होते. या वाक्याने फक्त कारण दिलं.

आमच्या वाटूरच्या घरात हीच शिकवण होती. बाबा शाळामास्तर. विहारातून आले की म्हणायचे, आपल्या वाटेवर आपलाच उजेड पाहिजे, उसना चालत नाही. विज्ञान घेऊ का कला, जालन्याला एकटी राहू का नको... प्रत्येक वेळी मी विचारायचे आणि ते म्हणायचे, "तुझी मर्जी, बाई." मला त्याचा केवढा अभिमान होता! मैत्रिणींच्या घरी भांडणं व्हायची, आमच्या घरी कधीच नाही.

दिवाळीनंतर राजानंद आले. नांदेडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मामाने आणलेलं स्थळ. सगळे चहा पिऊन झाले. बाबा म्हणाले, "तुझी मर्जी." आई बाबांकडे बघून म्हणाली, "हो ना, तिची मर्जी." आणि आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं.

मी त्यांना अंगदबद्दल सगळं सांगून टाकलं. वाटलं, हा माणूस आता उठेल. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"मला तुम्ही आवडलात," ते म्हणाले. "मला हे लग्न हवंय. तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटेल, पण मी कुणाला एक शब्द बोलणार नाही. आधी त्यांच्याशी बोलून या. मी थांबतो."

इतकं साधं होतं ते. हवं आहे, असं म्हणायचं... आणि दार उघडं ठेवायचं. मला एकदम अंगदची आठवण आली. आत्ता हे सगळं त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर!

मी केदारखेड्याला गेले. शेंगा वाळून झाडावर खुळखुळत होत्या. बायका तोडणी करत होत्या. अंगदला मी सगळं सांगितलं — राजानंद काय म्हणाले तेही. तो एक वाळकी शेंग हातात घेऊन ऐकत होता.

"चांगला माणूस दिसतो," तो म्हणाला.

"चांगलाच आहे. तू बोल."

"मी काय बोलू? निर्णय तुझा हाय."

"निर्णय माझाच आहे. तो मी तुला मागत नाहीये. मी विचारतेय, तुला काय हवंय?"

तो खाली बघत राहिला. "मी बोललो तर तो निर्णय तुझा राहणार न्हाई. माझ्या घरचे कसे हायेत, तुला माहीत हाय. तुझं घर कुठल्या वस्तीतलं, हे विचारल्याबिगर कुणी तुझ्या हातचं पाणी घेणार न्हाई. मी 'ये' म्हणालो, तू आलीस, आणि तिथं तुला ऐकून घ्यावं लागलं... मला तुला ओढायचं न्हाई, प्रियदर्शनी."

"ओढू नकोस. नुसतं सांग."

"एकच हाय ते."

"एक कसं?" माझा आवाज चढला. तोडणीच्या बायकांचं हसणं थांबलं. "प्रयोगात एक आकडा लपवला तर निष्कर्ष बरोबर येतो का? मी काय निवडतेय, हेच मला माहीत नसेल तर ती निवड कसली? तू मला मोकळं नाही सोडलंस, अंगद. तू मला अंधारात सोडलंस."

त्याच्या हातातली शेंग तडकली. बिया मातीत पडल्या. एरवी त्याने एकेक दाणा वेचला असता.

"आणि मी आले, आणि वाईट झालं," मी हळू म्हणाले, "तर तू म्हणशील, तिची मर्जी होती. म्हणजे दोषही माझाच. असंच ना?"

"तसं न्हाई..."

"मग बोल."

त्याचे ओठ हलले, मी वाट पाहिली. मला आजही वाटतं, मी अजून थोडी थांबले असते तर... पण किती थांबायचं असतं, हे कुठल्या पुस्तकात असतं?

शेवटी तो म्हणाला, "तुझी मर्जी."

बांधावर बेबीनंदा मावशीने माझा हात धरला. "काय म्हणला?"

"माझी मर्जी म्हणाला."

"अगं बया!" तिने अंगदच्या दिशेने बघितलं. "मंग तो कशाला हाय?"

पुढचे दिवस मी रिकाम्या शेतासारखे काढले. बाबांच्या जवळ जाऊन बसायचे. एकदा म्हणाले, "बाबा, तुम्ही सांगा ना." ते घाबरलेच. "मी कसं सांगू, बाई? आयुष्य तुझं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही हलकाच, वजन पडू नये म्हणून. सगळ्यांनी मला इतकं जपून मोकळं सोडलं होतं, की माझ्या आसपास कुणी उरलंच नव्हतं. अंगदचा फोन आला नाही. राजानंदांचा पण नाही. ते म्हणाले होते तसे थांबले होते.

मी त्यांना फोन केला आणि हो म्हणाले. शांतपणे, नीट विचार करून. रडले नंतर.

नोकरीचा शेवटचा दिवस होता. नवीन जालना भागातल्या ऑफिसातून मी बाहेर आले, तर समोर, बँकेच्या पायऱ्यांपाशी अंगद उभा होता. मोटरसायकलवरून आला होता, केसांत रस्त्याची धूळ.

"मला तू पाहिजे," तो म्हणाला. कसला नमस्कार नाही, काही नाही. "बिलकुल पाहिजे. पहिल्या दिवसापासून. घरी सांगून आलो. आई बोलून न्हाई राह्यली, बापानं ताट फेकलं. पण मी सांगून आलो."

ऑटो, मोटरसायकली, हॉर्न... सगळं चालू होतं. मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"परत म्हण."

"मला तू पाहिजे, प्रियदर्शनी."

मी ते पूर्ण ऐकलं. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर संपेपर्यंत.

"मी हो म्हणालेय, अंगद."

"माहीत हाय. मोडता येत न्हाई का?"

"येतं. बाबा अडवणार नाहीत. उलट स्वतः नांदेडला जाऊन माफी मागून येतील."

"मंग?" त्याचे डोळे भरले होते. "तूच म्हणाल्ती ना, अंधारात केलेली निवड निवड नसती. मंग ती धरून कशाला बसायची?"

त्याचं बरोबर होतं. माझंच म्हणणं त्याने माझ्यापुढे ठेवलं होतं आणि मला तोड सापडेना.

"तुझं गप्प बसणं पण उत्तरच होतं," मी शेवटी म्हणाले. "मी ते ऐकलं, आणि मग ठरवलं."

"चुकीचं ऐकलं तू."

"तू घाबरलायस, एवढंच ऐकलं. ते चुकीचं होतं?"

त्याने मोटरसायकलची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"कुणी जबरदस्ती केली असती ना, तर मी आत्ता तुझ्या मागं बसले असते. बापाचा शब्द असता, मामाचा असता, तर मोडला असता. पण हा माझा शब्द आहे. ज्या माणसाने मनातलं सांगून मला खरंच मोकळं सोडलं, त्याला दिलेला. आता मी कुणाशी भांडू?"

"तुझं त्याच्यावर प्रेम हाय?"

"नाही."

हे मात्र विचार न करता आलं. आम्ही दोघंही त्या शब्दाकडे बघत उभे राहिलो. मग त्याने हात उचलला, माझ्या चेहऱ्याजवळ आणला — आणि पहिल्यांदाच, न विचारता, माझ्या गालावरचं पाणी पुसलं. त्याची बोटं खरखरीत होती. मला ते माहीतही नव्हतं.

मी ऑटोला हात केला आणि बसले.

"कुठं जायचं, ताई?" ऑटोवाल्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

"ताई, कुठं?"

आरशात अंगद दिसत होता, बँकेच्या पायऱ्यांवर बसलेला, डोकं गुडघ्यांत. ऑटोवाल्याने मागे वळून माझ्याकडे एकदा नीट बघितलं. पुन्हा काही विचारलं नाही. गाडी चालू केली आणि आपल्याच मनाने स्टेशनच्या बाजूला वळवली. मी त्याला ती वळवू दिली.