घोडमाळावरचा काटा

तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात मी सतरा वर्षं कंपाउंडर आहे. औषध थेंबानं मोजायचं आणि माणूस पौंडानं, हे माझं काम. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. माझी बायको नीला तर म्हणते, लग्नात मी अक्षतासुद्धा मोजून टाकल्या असतील. ही हकीकत अशा माणसाची आहे, एवढं ध्यानात असू द्या.

अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात आमच्या चारुशीलेला विषमज्वर झाला. वय सात. ताप उतरला, पण पोरीनं अन्न टाकलं. दर सोमवारी मी तिला दवाखान्यातल्या काट्यावर उभी करायचो. बेचाळीस, चाळीस, सदतीस. पौष लागला तेव्हा साडेतेहतीस पौंड. दहा पावलं चालली की मटकन खाली बसायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, चष्मा पुसला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं झाली. आता तिला आवडेल ते दाखवा." त्याचा अर्थ मला कळला. नीलाला मी तो सांगितला नाही.

चारूला घोडे आवडायचे. आता घोडे आणायचे कुठून? मग आमच्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या रोग्यानं घोडमाळाचं नाव काढलं. लोहाऱ्याच्या अलीकडं निजामाच्या रिसाल्याचं शर्यतीचं जुनं मैदान होतं. पोलीस ॲक्शन झाली, घोडे गेले, मैदान तेवढं राहिलं. घोडे नाहीत तर नाहीत, ते धावायचे ती जागा तरी दाखवू, असं म्हणून एका रविवारी आम्ही भाकरी, शेंगांची चटणी आणि दही बांधून घेतलं आणि सकाळच्या एस.टी.नं निघालो. शेवटचे दोन कोस बैलगाडीनं गेलो. चारू सगळी वाट नीलाच्या मांडीवर पडून होती.

काळ्या रानात, कणसं धरलेल्या ज्वारीच्या मधोमध, तो पांढुरक्या मातीचा माळ एकदम समोर आला. चुन्यानं रंगवलेले दगडी खांब लांबलचक गोल धरून उभे होते. एका बाजूला बघ्यांसाठी दगडी पायऱ्या होत्या. त्यांच्यावरचा पत्रा कुणीतरी कधीच नेला होता. आणि फाटकाशी, लिंबाखाली, एक काटा टांगलेला होता. एकीकडं साखळ्यांना लाकडी पाट, दुसरीकडं लोखंडी वजनं. मी जवळ जाऊन बोट लावलं. इतक्या वर्षांत गंज नाही, दांडी अगदी समतोल. काट्यापुरता तरी मी खूश झालो.

तिथला राखणदार रेवणप्पा रिसाल्यात मोतद्दार होता. म्हणजे घोड्यांचा खरारा, दाणा-वैरण सगळं त्याच्याकडं. वय ऐंशीच्या पुढं, कपाळाला भस्माचे पट्टे.

"आत जायाचं तर वजन करून जायाचं," तो म्हणाला. "येताना परत करायाचं."

"आता कुठली आलीय शर्यत, रेवणप्पा?"

"शर्यत न्हाय, मालक. पर काटा हाय की."

त्यानं मला पाटावर बसवलं, नीलाला बसवलं. एकशे अठ्ठावीस, सत्त्याण्णव. खडूनं पाटीवर आकडे मांडले. मग चारूला बसवून तो बराच वेळ दांडीकडं बघत राहिला.

"साडेतेहतीस," तो म्हणाला. माझा काटा अर्ध्या पौंडानंही चुकत नव्हता, आणि त्या क्षणी मला त्याचा राग आला.

"चाळिसाच्या खाली आत सोडत न्हाईत," रेवणप्पा म्हणाला. "भर घालावी लागतीया."

ही जुनी रीत होती. स्वार हलका भरला तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून त्याचं वजन ठरल्याइतकं करायचे. रेवणप्पानं कमरेला बांधायची कातडी पिशवी, म्हणजे कसा, आणला, त्यात पट्ट्या मोजून घातल्या, आणि साडेसहा पौंडांचं ते ओझं माझ्या पोरीच्या कमरेला बांधलं. म्हाताऱ्याशी कुठं वाद घालायचा, म्हणून मी बांधू दिलं. पहिल्या खांबापाशी पोचताच मात्र कसा सोडून माझ्या पिशवीत टाकला. जिला स्वतःचं अंग पेलत नाही तिच्या कमरेला शिसं! आणि शिसं विषारी असतं, हे कंपाउंडरला कुणी सांगायला नको.

चारूला त्या खांबाशी सावलीत बसवून आम्ही दहा हातांवर पायऱ्यांवर शिदोरी सोडली. दह्याच्या गाडग्याचं फडकं जरा घट्ट होतं. मी ते सोडलं आणि मान वर केली.

खांबाशी चारू नव्हती.

सगळं मैदान समोर उघडं होतं. लपायला झुडूपही नव्हतं. नीलानं हाक मारली. मीही मारली. माझा आवाज मलाच परका वाटला.

मग बुडाखालच्या दगडात ठोके जाणवले. कानाला काही ऐकू येत नव्हतं. भिजवलेल्या हरभऱ्याचा आणि घामेजल्या कातड्याचा वास आला.

पलीकडच्या अंगाला मातीचा एक लोट उठला. खांबांना धरून तो पुढं सरकत होता. शेजारच्या ज्वारीचं पानही हलत नव्हतं.

लोट वळणावर आला.

ठोके थांबले.

शेवटच्या खांबापाशी चारू उभी होती. केस मागं उडालेले, गाल लाल. तिथून ती आमच्याकडं चालत आली, एकदाही न बसता.

"आई, भूक लागलीय," ती म्हणाली.

दीड भाकरी खाल्ली तिनं. नीला रडत होती आणि कुस्करून देत होती. मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं की हे जाईल, अशी भीती वाटत होती.

फाटकाशी रेवणप्पा वाट बघत होता. मी एकशे अठ्ठावीस. नीला सत्त्याण्णव. चारू पाटावर बसली आणि चाळीस पौंडांच्या वजनांना दांडी सरळ झाली. रेवणप्पानं तिच्या कमरेकडं बघितलं. मी पिशवीतून कसा काढून त्याच्यासमोर ठेवला.

तो रागावला नाही. मैदानाकडं तोंड करून त्यानं हात जोडले. मग चारूपाशी उकिडवा बसला.

"म्होरं बसवलं का, अव्वा?"

"हो. मागं बघायचं नाही म्हणाले."

"मग बघू नगंस," तो म्हणाला आणि पाटी पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आमच्या काट्यावरही चाळीस भरले. भाकरीचं वजन किती असतं ते मला कळतं. मी ते वजा करून पाहिलं, मग कागद फाडून टाकला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. चारू चौपन्न पौंडांची आहे, झाडावर चढते, माझं ऐकत नाही. दर पौषात मी घोडमाळावर पायलीभर हरभरे नेऊन पहिल्या खांबाशी ठेवतो. कुणाचे उपकार मानायचे ते मला ठाऊक नाही, पण मी मानतो, आणि मानताना डोळे भरून येतात. माझी पोर मला परत मिळाली. बाकी कशाचा हिशेब मला मांडायचा नाही.

परवा दुपारी जेवायला घरी आलो तर चारू बाजेवर झोपली होती, एका कडेला, भिंतीकडं पाठ करून. नीलानं तिच्या अंगावर चौघडी घातली. मग आवाज न करता बाजेच्या पलीकडं गेली, तीच चौघडी चारूच्या पाठीमागं लांबवर पसरली आणि हळूच थोपटली. चौघडी तिथं बाजेला टेकली नाही, वीतभर वरच राहिली.